चंद्रतालची वाट

(गिर्यारोहण आणि प्रवास या विषयाला वाहिलेल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)



चंद्रभागा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पंढरपूरचे वाळवंट उभे राहते. भीमा नदी तेथे चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणायचे, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. परंतु याच नावाची आणखी एक नदी हिमालयात वाहते आणि तिचे मूळ शोधत गेले, तर तेथेही चंद्रकोरीच्याच आकाराचे एक सरोवर भेटते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? त्या सरोवराचे नाव चंद्रताल. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे चौदा हजार फूट उंचीवर ते आहे. आज मी त्या सरोवराविषयी बोलणार आहे. पण खरे सांगायचे तर सरोवरापेक्षा तेथे जाणाऱ्या वाटेविषयी अधिक. सरोवराची छायाचित्रे आता घरोघरी मोबाइलवर दिसतात. वाटेचे छायाचित्र कोणी काढत नाही, कारण त्या वेळी सर्वांचे हात गाडीतल्या दांडीला घट्ट धरलेले असतात!

आधी थोडा भूगोल सांगतो. बारालाचा खिंडीच्या एका अंगाने चंद्रा नदी निघते, दुसऱ्या अंगाने भागा. चंद्रा प्रथम दक्षिणेला उतरते, चंद्रतालचे पाणी पोटात घेते, मग मोठा वळसा घालून पश्चिमेकडे वळते. भागा थेट खाली येते. केलाँगजवळ तांदी येथे दोघींचा संगम होतो आणि तेथून पुढे ती चंद्रभागा. लाहौलचे लोक सांगतात की चंद्रा ही चंद्राची कन्या आणि भागा हा सूर्याचा पुत्र; दोघांनी बारालाचाला प्रदक्षिणा घालून भेटायचे ठरवले आणि तांदीला त्यांचा विवाह झाला. हीच चंद्रभागा पुढे जम्मूत चिनाब होते. ऋग्वेदातील नदीसूक्तात असिक्नी म्हणून जिचा उल्लेख आहे, ती हीच. ग्रीकांनी त्याच नावाचे ‘अकेसिनीज’ केले. सिंधू जलकरारात १९६० साली या नदीचे पाणी मुख्यतः पाकिस्तानच्या वाट्याला गेले आणि तोच करार एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, भारताने स्थगित ठेवला, तेव्हा वर्तमानपत्रांतून चिनाबचे नाव रोज येत होते. ते वाचताना मला मात्र बातलच्या पुलाखालचे तिचे करडे, गढूळ आणि विलक्षण थंड पाणी आठवत होते.

कोणत्या बाजूने जावे?

चंद्रतालला दोन बाजूंनी जाता येते. एक मनालीकडून. पूर्वी रोहतांग ओलांडावा लागे. २००० साली पंतप्रधान अटलजींनी ज्या बोगद्याचा निर्णय जाहीर केला, तो ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यामुळे आता मनालीहून निघालेला माणूस काही वेळातच लाहौलमध्ये असतो. बोगद्यातून बाहेर पडल्यावर बहुतेक गाड्या डावीकडे, सिस्सू आणि केलाँगच्या बाजूला वळतात. उजवीकडे वळले की कोकसर, ग्रांफू, छत्रू, छोटा दडा, बातल असा चंद्रेच्या काठाकाठाने मार्ग जातो. दुसरी बाजू सिमल्याची. तेथून किन्नौर, नाको, ताबो, काझा, लोसर आणि मग कुंझुम खिंड.

पहिला मार्ग जवळचा आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याचा आहे. मनालीची उंची साधारण दोन हजार मीटर. तेथून सकाळी निघून सायंकाळी सव्वाचार हजार मीटरवर तंबूत झोपायचे, हे शरीराला मानवत नाही. त्या उंचीवर हवेचा दाब आपल्याकडच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासात येणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, परंतु त्यासाठी त्याला दिवस द्यावे लागतात. किन्नौरकडून गेले, की चढण पाच-सहा दिवसांत विभागली जाते. दिवस अधिक लागतात, पैसा अधिक लागतो. पण चंद्रतालच्या काठी उभे राहिल्यावर डोके ठणकत नसते. आम्ही सहा जण २०२२ सालच्या ऑगस्टअखेरीस याच बाजूने गेलो.

काझ्याला आम्ही स्थानिक गाडी आणि स्थानिक सारथी घेतला. मी स्वतः वीस-पंचवीस वर्षे वरंधा, ताम्हिणी, आंबोली या घाटांतून गाडी हाकली आहे. तरीही त्या वाटेवर चाक दुसऱ्याच्या हाती देण्यात मला कमीपणा वाटला नाही. आपल्या घाटांत रस्ता कोठे आहे, हे निदान दिसते. तेथे रस्ता कोठे आहे, हे त्या दिवशीचे पाणी ठरवते.

कुंझुम आणि चौदा किलोमीटर

लोसर हे स्पितीच्या या टोकाचे शेवटचे गाव. मटाराची हिरवीगार शेते, पांढऱ्या भिंतींची घरे आणि एक तपासणी नाका. येथून कुंझुमची चढण लागते. खिंड सुमारे पंधरा हजार फुटांवर आहे. माथ्यावर कुंझुम देवीचे स्थान आहे. रंगीत पताका फडफडत असतात. तेथून जाणारा प्रत्येक वाहनचालक, मग तो बौद्ध असो वा हिंदू, गाडी त्या स्थानाभोवती फिरवून, देवीला प्रदक्षिणा घालूनच पुढे जातो. आमच्या सारथ्याने इंजिनही बंद केले नाही. सावकाश एक फेरा घातला, हात कपाळाला लावला आणि गाडी उताराला लावली. हे इतके सहज झाले की मागच्या बाकावरच्या दोघांच्या ते ध्यानातही आले नाही.

कुंझुम उतरताना, बातलच्या थोडे अलीकडे एक फाटा फुटतो. बातलहून चंद्रताल चौदा किलोमीटर म्हणतात, त्यातला बहुतेक भाग या फाट्यानंतरचा. चौदा किलोमीटर म्हणजे आपल्याकडे पंधरा-वीस मिनिटे. तेथे तासाहून अधिक, आणि समोरून गाड्या आल्या तर दोन तास.

ही वाट कशी आहे? डोंगराच्या कुशीत एकाच गाडीपुरता खोदलेला पट्टा. डांबर नाही, खडी नाही, कठडा नाही. एका बाजूला ढासळणारी मुरमाड दरड, दुसऱ्या बाजूला शेकडो फूट खाली चंद्रेचे पात्र. मध्येमध्ये थोडी रुंद जागा ठेवलेली असते, दोन गाड्यांना एकमेकींना साइड देण्यासाठी. डोंगरातला संकेत असा की चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरणाऱ्याने रिव्हर्स घेऊन रुंद जागेपर्यंत मागे जायचे. चढणीवर थांबलेली गाडी भुसभुशीत मुरमातून पुन्हा उचलणे अवघड, विशेषतः इंजिनालाही श्वास कमी पडत असताना, म्हणून हा संकेत. हवा विरळ झाली की साध्या इंजिनाची बरीच ताकद जाते. खाली जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये सुटतो, तो तेथे पहिल्यात घ्यावा लागतो. हा संकेत कोठेही लिहिलेला नाही, पण स्थानिक चालक तो धर्मासारखा पाळतात. बाहेरून आलेले काही जण मात्र हॉर्न वाजवत समोरासमोर उभे राहतात आणि मग दहा गाड्या अडतात. हॉर्न वाजवून रस्ता रुंद होत नाही, हे शिकण्यासाठी हिमालयापर्यंत जायला नको खरे तर.

आमचा सारथी स्पितीचाच, पस्तिशीचा, मितभाषी. एका वळणावर त्याने गाडी थांबवली, उतरून दरडीकडे टक लावून पाहत राहिला. मी विचारले, “काय झाले?” तो म्हणाला, “पत्थर गिर रहा है, सर. छोटा पत्थर पहले आता है, बडा पीछे.” आम्ही पाच मिनिटे थांबलो. मोठा दगड काही आला नाही. तो पुन्हा बसला आणि निघाला. न आलेल्या दगडासाठी थांबण्याची ही तयारी, मला वाटते, त्या वाटेवरचे सर्वांत मोठे कौशल्य आहे.

सरोवर

गाड्या सरोवरापर्यंत जात नाहीत. साधारण किलोमीटरभर आधी त्या थांबवाव्या लागतात आणि पुढे पायी जायचे. तंबूंनाही काठावर परवानगी नाही. ते काही किलोमीटर मागे, खोलगट माळावर असतात. हे निर्बंध अत्यंत आवश्यक आहेत. २००५ साली चंद्रतालचा समावेश रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये झाला. अवघे ४९ हेक्टरांचे क्षेत्र. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाएवढेच म्हणा ना!

शेवटच्या उंचवट्यावरून ते प्रथम दिसते. त्याचे वर्णन मी करणार नाही. निळा रंग आपण सर्वांनी पाहिला आहे आणि तो तेथला निळा नव्हे, एवढेच सांगतो. एखादी मोठी नदी येऊन त्यात पडताना दिसत नाही. बर्फाचे पाणी झिरपून, झऱ्यांतून येते आणि एका टोकाने बाहेर पडून चंद्रेला मिळते. पांडव स्वर्गारोहणाला निघाले असता इंद्राचा रथ युधिष्ठिराला न्यायला येथेच उतरला, अशी तेथली लोककथा आहे. बद्रीनाथच्या वर, माणा गावापलीकडे, हीच कथा आणखी एका जागी सांगतात. मला यात विसंगती वाटत नाही. कोठून स्वर्गात जावे, असा प्रश्न पडला, तर हिमालयात एकापेक्षा अधिक जागा योग्य वाटतील.

काठावर तांबूस-केशरी पक्ष्यांची एक जोडी होती. ते चक्रवाक, आपण ब्राह्मणी बदक म्हणतो ते. संस्कृत काव्यात विरहाचे प्रतीक झालेला हा पक्षी उन्हाळ्यात या उंच सरोवरांच्या परिसरात वीण घालतो आणि हिवाळ्यात मैदानी भारतात उतरतो. आमच्यातील एक भगिनी दरवर्षी भिगवणला पक्षी पाहायला जातात. त्यांनी चटकन ओळखले, “अहो, हे तर आपल्या उजनीवर येतात!” खरेच आहे. उजनीचे धरण भीमेवर. पंढरपूर त्याच नदीवर खाली. ही जोडी तेथेच येत असेल, असे मी म्हणत नाही. परंतु त्याच जातीचे पक्षी उन्हाळा एका चंद्रभागेच्या उगमापाशी घालवतात आणि हिवाळा दुसऱ्या चंद्रभागेच्या वरच्या अंगाला, हे मनात आले तेव्हा आम्ही सर्वच थोडा वेळ बोललो नाही.

ती रात्र

आता जे सांगायचे आहे, त्यासाठी मुख्यतः मी आज उभा राहिलो आहे. समोर तरुण मंडळी बरीच दिसत आहेत, म्हणून अधिक तपशिलाने सांगतो.

आमच्या शेजारच्या तंबूत महाराष्ट्रातलेच चार तरुण होते. मोटारसायकलींवर त्याच दिवशी सकाळी मनालीहून निघून आलेले. उमदी, निरोगी, हसरी मुले. त्यांच्यापैकी एकाने दुपारपासून काही खाल्ले नव्हते. डोके दुखते म्हणाला. नंतर दोनदा उलटी झाली. मित्रांनी त्याला झोपवले; सकाळपर्यंत बरे वाटेल, असे त्यांना वाटत होते. सात वाजता आमच्यातले एक निवृत्त डॉक्टर सहज त्याची विचारपूस करायला गेले. त्यांनी त्याला उठवून सरळ रेषेत, टाचेला बोटे लावत चालायला सांगितले. दोन पावलांत तो कलंडला. बोलणेही जड झाले होते.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “याला आत्ता खाली न्यायला हवे. सकाळी नाही, आत्ता.”

उंचीच्या आजाराचे हे रूप मेंदूला सूज आल्याचे लक्षण असते. साधी डोकेदुखी विश्रांतीने उतरते. पण पावले अडखळू लागली, शुद्ध हरपू लागली किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर त्यावर खरे औषध एकच, उंची कमी करणे. प्राणवायूची नळकांडी आणि गोळ्या हा खाली पोहोचेपर्यंतचा आधार. तंबूवाल्यांकडे प्राणवायूचे एक नळकांडे होते, ते लावले. मोबाइलला तेथे संपर्क नव्हता. सर्वांत जवळची खालची जागा बातल, तीही जेमतेम तीनशे मीटर खाली. त्यापेक्षा अधिक खाली उतरायचे, तर मधले नाले रात्री ओलांडावे लागणार. आणि बातलपर्यंत तीच वाट, काळोखात.

आमच्या सारथ्याला बोलावले. तो आमच्याशी करारबद्ध होता, त्या मुलांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्याने एकच प्रश्न विचारला, “कितना वक्त है?” डॉक्टर म्हणाले, “जास्त नाही.” तो गाडीकडे गेला. टॉर्चने चारही टायर पाहिले, काच पुसली. मी म्हणालो, “रात्री ही वाट...?” तेव्हा तो जे म्हणाला, ते मी विसरलेलो नाही. तो म्हणाला की या वाटेवर दिवसापेक्षा रात्र एका बाबतीत बरी. दिवसा समोरची गाडी वळणावर आल्यावरच दिसते, रात्री तिचा उजेड दूरवरून दिसतो. शिवाय थंडीने ओहोळांचे पाणीही उतरलेले असते.

डॉक्टर, तो तरुण, त्याचा एक मित्र आणि मी, असे चौघे निघालो. दोन ठिकाणी मी उतरून टॉर्च घेऊन गाडीपुढे चाललो, कारण दरीच्या बाजूची कड दिव्यांच्या झोतात नीट दिसत नव्हती. एका ठिकाणी सायंकाळी पडलेली ताजी दरड होती. दगड हातांनी बाजूला केले. त्या उंचीवर दहा दगड उचलले की माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतो. सारथ्याने संपूर्ण वाटेत एकदाही गाडीचा वेग वाढवला नाही. मागे तो मुलगा कण्हत होता, मित्र रडवेला होऊन “थोडं जोरात घ्या ना काका” म्हणत होता, आणि तो शांतपणे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होता. सव्वादहाला बातलच्या पुलापाशी पोहोचलो.

बातल

बातल म्हणजे गाव नव्हे. दगडी भिंतींचे दोन-चार ढाबे, एक पूल आणि वारा. तेथील ढाब्याने वर्षानुवर्षे अडकलेल्या प्रवाशांना आसरा दिला आहे. अवकाळी हिमवर्षावात दिवसचे दिवस लोकांना जेवू घातले आहे. त्या रात्रीही दार लगेच उघडले. चूल पेटली. कोणी पैशांचे विचारले नाही. पहाटेपर्यंत डॉक्टर त्या मुलाजवळ बसून होते. अवस्था सुधारली नव्हती, पण बिघडतही नव्हती. तीनशे मीटरने एवढे साधले.

झोप कोणालाच नव्हती. ढाब्यात बोलता बोलता विषय निघाला १९६८ च्या विमानाचा. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी वायुदलाचे ए.एन.-१२ जातीचे विमान चंदीगडहून लेहकडे निघाले. त्यात १०२ जण होते, बहुतेक सैनिक. खराब हवामानामुळे ते परत फिरले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. पस्तीस वर्षे त्याचा ठावठिकाणा नव्हता. २००३ साली मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या एका पथकाला बातलच्या वरच्या अंगाच्या हिमनदीत अवशेष सापडले. त्यानंतर सेनेने पुनःपुन्हा शोध मोहिमा काढल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे आम्ही जाऊन आल्यानंतर दोन वर्षांनी, आणखी चार पार्थिवे मिळाली. छप्पन्न वर्षांनी ते जवान आपापल्या गावी परतले. ती बातमी वाचली तेव्हा मला बातलची ती रात्र आठवली. एका मुलाला खाली नेण्यासाठी धडपडणारे आम्ही, आणि आमच्या वरच्या बर्फात घरी जाण्याची वाट पाहत असलेले ते.

नाले

पहाटे पाचला निघालो. पहाटेच का, ते सांगितले पाहिजे. बातलपासून ग्रांफूपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरमध्ये अनेक नाले रस्त्यावरून वाहतात. त्यांचे पाणी हिमनदीचे. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळते आणि दुपारनंतर नाला फुगतो. रात्रीच्या थंडीत ओसरतो. सकाळी सहाला ज्या पाण्यातून चाकाचा निम्मा भागही बुडत नाही, तेच पाणी दुपारी तीनला गाडी ओढून नेऊ शकते. म्हणून तेथे वेळापत्रक घड्याळाचे नसते, बर्फाचे असते.

नाला ओलांडण्याची रीत आमच्या सारथ्याकडून मी त्या सकाळी शिकलो. आधी उतरून पाहायचे. पाणी जेथे पसरट आणि खळाळते तेथे ते उथळ. जेथे गुळगुळीत आणि शांत दिसते तेथे खोल. पुढची गाडी कोणत्या रेषेने गेली, ते पाहून ठेवायचे. मग पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, आणि पाण्यात असताना क्लचला पाय लावायचा नाही, गिअर बदलायचा नाही. वेग फार वाढवला तर पाण्याखालच्या गोट्यावर चेंबर आपटतो आणि ऑइल सांडले की प्रवास तेथेच संपला. मध्येच थांबले तर चाकांखालची वाळू वाहून जाते. पलीकडे गेल्यावर दोन-चार वेळा ब्रेक हलकेच दाबून ते सुकवायचे.

छत्रू ओलांडले तेव्हा ऊन आले होते. त्या मुलाने डोळे उघडून आपण कोठे आहोत, असे विचारले. कोकसरला त्याने चहा मागितला. केलाँगच्या रुग्णालयात त्याला दाखल केले आणि दोन दिवसांनी तो मित्रांसह मनालीला उतरला. सारथ्याला आम्ही काही रक्कम देऊ केली. त्याने डिझेलचे तेवढे घेतले.

रस्ता पक्का व्हावा का?

भाषणाआधी एका सद्गृहस्थांनी मला विचारले की एवढा धोका आहे, तर सरकार हा रस्ता पक्का का करीत नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी दोन तुकड्यांत देतो.

ग्रांफू ते काझा हा रस्ता पक्का झालाच पाहिजे. तो केवळ पर्यटकांचा नाही. हिवाळ्यात कुंझुम बंद झाली की स्पितीला उरतो तो एकटा किन्नौरचा मार्ग. स्पितीचा मटार मनालीच्या बाजूने बाजारात जातो, रुग्ण त्याच बाजूने येतात आणि पुढे सुमदोकडे तिबेटची सीमा आहे. सीमेवरील गावे ओस पडू नयेत असे आपण म्हणतो, तर त्या गावांना बारा महिने रस्ता हवा. सीमा सडक संघटना त्या मार्गाच्या रुंदीकरणाचे काम करीत आहे. ‘श्रमेण सर्वं साध्यम्’ हे या संघटनेचे ब्रीद. त्या ब्रीदातले श्रम कोणाचे, तेही पाहिले पाहिजे. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या निवाऱ्यांत राहणारे मजूर पुष्कळसे झारखंडच्या दुमका भागातले, संथाल बांधव. आयुष्यात बर्फ न पाहिलेली ही माणसे चौदा हजार फुटांवर दगड फोडतात. आम्ही थांबून त्यांना विचारले, काय हवे? एक जण म्हणाला, हातमोजे. आपण तेथे जाणार असाल, तर आपल्या सामानात पाच-दहा जोड जाड हातमोजे अवश्य टाका. त्याला फारशी जागा लागत नाही.

मात्र फाट्यापासून चंद्रतालपर्यंतची ती वाट आहे तशीच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या टोकाला गाव नाही, शेत नाही. उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ आपली मेंढरे घेऊन येतात, त्यांना डांबर नको आहे. ती वाट गुळगुळीत झाली, की तेथे किती माणसे येतील, याचा अंदाज सिस्सूकडे पाहून करावा. अटल बोगदा उघडल्यापासून त्या लहानशा गावाने किती गर्दी सोसली, ते तेथील रहिवासीच सांगतील. वाट सुरक्षित जरूर करावी: साइड देण्याच्या जागा वाढवाव्यात, दरडी बांधून काढाव्यात, दिवसाकाठी किती गाड्या सोडायच्या याची मर्यादा ठरवावी, बातलला हंगामापुरते एक वैद्यकीय पथक ठेवावे. यावर काही जण म्हणतील की मग वृद्धांनी, अपंगांनी चंद्रताल पाहायचेच नाही का? हा आक्षेप मला सोपा वाटत नाही. तरी ४९ हेक्टरांच्या त्या पाण्याला आपण सर्व जण एकदम पाहू शकत नाही, हेही तितकेच खरे.

आणि पक्क्या रस्त्यानेही सर्व काही टळत नाही. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात महापूर आला, त्याच वेळी या भागात ऐन पावसाळ्यात हिमवर्षाव झाला. सुमारे तीनशे पर्यटक चंद्रतालच्या तंबूंमध्ये अडकले. काहींना वायुदलाच्या हेलिकॉप्टरने काढले. उरलेल्यांसाठी काझाच्या बाजूने प्रशासन, सुरक्षा दले आणि स्थानिक लोक बर्फ हटवीत कुंझुम चढून गेले आणि १३ जुलैला सर्वांना सुखरूप बाहेर काढले. राज्याचे एक मंत्री स्वतः त्या पथकासोबत वर पोहोचले होते, याची नोंद केली पाहिजे. तेथे अडकलेल्यांना जे चार-पाच दिवस जगवले, ते तंबूवाल्यांनी साठवलेल्या शिध्याने.

आता वेळ संपत आली आहे. जाण्याचा विचार असलेल्यांसाठी शेवटचे थोडे सांगतो. हंगाम साधारण जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. तोही दरवर्षी बर्फ ठरवते, म्हणून निघण्याआधी काझा किंवा केलाँगला चौकशी करावी. मनालीनंतर काझापर्यंत आम्हाला वाटेत पेट्रोल पंप लागला नाही. स्टेपनी दोन असाव्यात. हृदयविकार, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि उंचीवरच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. मनालीकडूनच जायचे असेल, तर लाहौलमध्ये किमान दोन रात्री काढून मग वर जावे आणि चंद्रतालला पोहोचण्याची घाई करू नये. बातलला चहा घ्यावा; तेथला राजमा-भात उत्तम असतो.